पाण्याच्या हिशेबाने पडलेल्या वाटा : बालाघाटातील पायी प्रवासाचा इतिहास

सदाहरित वर्षावन म्हणजे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे, बाराही महिने पानांनी झाकलेले आणि ज्याच्या जमिनीवर ऊन क्वचितच पोहोचते असे अरण्य. महाराष्ट्रात अशी अरण्ये सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोली, कोयना आणि चांदोली या परिसरांत आहेत, आणि धबधबे, वन्य प्राणी व रानातली पायपीट यांचे जे चित्र मराठी वाचकाच्या मनात असते ते बहुतांशी तेथूनच आलेले असते. बीड जिल्ह्यात असे अरण्य नाही. आंबोलीचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तर बीडची वार्षिक सरासरी साडेसहाशेच्या आसपास आहे, आणि जिल्ह्याच्या भूभागापैकी तीन टक्केही जमीन वनाखाली नाही. असे असूनही या जिल्ह्यात दोनशे फुटांहून खोल कोसळणारा धबधबा आहे, मोरांसाठी राखलेले अभयारण्य आहे, बिबट्या, लांडगा आणि तरस यांचा वावर आहे, आणि डोंगर पायी ओलांडण्याची रीत तर ‘ट्रेक’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कित्येक शतके आधीपासूनची आहे. पाऊस मुबलक असलेल्या प्रदेशात प्रवासाचा बेत आखताना पावसापासून बचाव कसा करावा याचा विचार आधी होतो. बालाघाटात मात्र यात्रेकरूंच्या दिंड्या, लमाणांचे बैल आणि राजांच्या फौजा या सर्वांना पाणी कोठे, किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत मिळेल याचाच हिशेब आधी मांडावा लागला, आणि ज्यांचा तो हिशेब चुकला त्यांच्या फजितीच्या कथा इतिहासात नोंदल्या गेल्या.

बालाघाट ही सह्याद्रीचीच एक शाखा आहे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुख्य रांगेपासून फुटून ती आग्नेयेकडे वळते, आणि अहिल्यानगर, बीड, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांतून जात तीनशेहून अधिक किलोमीटर पसरून कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेकडे उतरत जाते. गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची रेघ, म्हणजे जिच्या एका अंगाला पडलेला थेंब एका नदीला आणि दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब दुसऱ्या नदीला मिळतो ती उंचवट्याची ओळ, याच रांगेने आखलेली आहे. या रांगेचे पश्चिमेकडील टोक महाराष्ट्रातल्या अतिपावसाच्या पट्ट्यात आहे, आणि तीच रांग बीडला येईपर्यंत पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने अरबी समुद्राकडून येणारे ढग आधीच रिते केल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात, शिरलेली असते. खडक दोन्हीकडे तोच, काळा बेसॉल्ट. कडे, कपारी आणि सपाट माथे यांची ठेवणही बरीचशी सारखी. बदलते ते पाणी. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर मुरलेला गिर्यारोहक बीडच्या डोंगरात आला तर त्याला भूरूप ओळखीचे वाटते आणि त्यामुळेच त्याची फसगत होण्याचा संभव अधिक असतो.

जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेले पाटोद्याचे पठार हे या पाण्याच्या कथेचे केंद्र होय. सिंदफणा नदी या पठाराच्या चिंचोली भागातील डोंगरात उगम पावून ईशान्येकडे वाहते, बीड शहरातून आलेल्या बिंदुसरेला पोटात घेते आणि मंजरथजवळ गोदावरीला मिळते. मांजराही याच पठारावर उगम पावते, पण ती पूर्वेची वाट धरून पुढे उत्तरेला वळसा घेते आणि सातशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासानंतर तेलंगणातील कंदकुर्तीजवळ गोदावरीला भेटते. तिसरी विंचरणा; ती सौताड्याच्या कड्यावरून दक्षिणेकडे उडी घेऊन जामखेडमार्गे सीनेला, म्हणजे अखेर भीमेला जाते. इतक्या लहानशा पठारावरून पाणी तीन वाटांनी निघून जाते याचा अर्थ असा की माथ्यावर पाणी थांबत नाही. जे काही टिकते ते दऱ्यांतील झिऱ्यांत, कड्याखालच्या कुंडांत आणि माणसाने बांधलेल्या बारवांत. झिरा म्हणजे खडकाच्या फटीतून बारीक पाझरणारे पाणी, आणि बारव म्हणजे तळापर्यंत पायऱ्या उतरत जाणारी दगडी विहीर, जिथे वाटसरूला दोर-पोहऱ्याशिवाय ओंजळ भरता येते. जुन्या वाटांचा माग काढायचा असेल तर नकाशापेक्षा अशा बारवांची यादी अधिक उपयोगी पडावी.

जमिनीच्या जातीनेही वाटा ठरवल्या. गोदावरीकाठच्या सखल पट्ट्याला गंगथडी म्हणतात आणि तेथे काळी, चिकण माती आहे, जी पावसाळ्यात पायाला व चाकाला धरून ठेवते. डोंगरमाथ्यावर मुरमाड बरड आहे, जिच्यावरून पाऊस पडून गेल्यावर घटकाभरात चालता येते. म्हणून गाडीवाट उघडिपीच्या महिन्यांत काळीतून जाई आणि पावसाळी पायवाट शक्यतो बरडाचा आश्रय घेई.

येथील रान शुष्क पानझडीचे आणि काटेरी आहे. धावडा, सालई, खैर, पळस, हिवर, बेल, आपटा, टेंभुर्णी आणि बोरी-बाभळी ही त्यातील नेहमीची मंडळी. श्रावण-भाद्रपदात हे डोंगर इतके हिरवे दिसतात की नवख्याला त्यांच्या शुष्कपणावर विश्वास बसू नये, आणि फाल्गुनात तेच डोंगर राखेच्या रंगाचे होतात. सीताफळ मात्र या मुरमाड उतारांना इतके मानवले आहे की बालाघाटातील सीताफळाला ‘बीड सीताफळ’ म्हणून २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाटसरूच्या दृष्टीने या फळाचे महत्त्व बाजारभावापेक्षा वेगळे होते, कारण ते पिकते आश्विन-कार्तिकात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत जेव्हा ओढे अजून वाहते असतात, ऊन सोसण्याजोगे असते आणि यात्रा सुरू होतात.

मराठीत प्रवासाची जागा, दिशा आणि खुणा नोंदवून ठेवण्याची परंपरा कोठून सुरू होते हे पाहू गेल्यास महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’पाशी थांबावे लागते. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांचा तपशील देणारा हा चौदाव्या शतकातील ग्रंथ देऊळ कोणत्या दिशेला, नदी कोठे आणि झाड कोणते हे ज्या काटेकोरपणे सांगतो त्यावरून तो मागून येणाऱ्या यात्रेकरूच्या हाती देण्यासाठीच रचला असावा असे दिसते. त्या अर्थाने मराठीतील पहिली पदभ्रमण-मार्गदर्शिका हीच, असे म्हटल्यास ते फारसे धाडसाचे ठरू नये. या पंथाला अत्यंत पूज्य असलेले आत्मतीर्थ, पांचाळेश्वर, हे गेवराई तालुक्यात गोदावरीच्या पात्रालगत आहे, आणि पुराच्या दिवसांत नदी मंदिरालाच वेढते. तेथे जायचे तर पंचांगाबरोबर नदीकडेही पाहावे लागे.

नदीकडे न पाहण्याची किंमत काय असते ते पांचाळेश्वराच्या शेजारीच असलेल्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी दिसून आले. त्या वर्षी निजाम अलीने पुणे लुटून जाळले होते, मराठ्यांनी निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला होता, आणि पावसाळा लागल्यावर निजाम औरंगाबादेकडे परतत होता. भरल्या गोदावरीतून फौज पार करण्याचे काम एका दिवसात होण्यासारखे नव्हते, म्हणून निजाम स्वतः काही सैन्यासह उत्तरतीरी गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखालील मोठा भाग दक्षिणतीरी राहिला. रघुनाथराव आणि तरुण माधवराव पेशवे यांनी नेमक्या याच अवस्थेत त्याला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला, फौज उधळली गेली, आणि पलीकडच्या काठावर असलेल्या निजामाला मधल्या पुरामुळे कुमक पाठवता आली नाही. लढाईच्या वर्णनांत शौर्याचा आणि डावपेचांचा भाग नेहमीच ठळक होतो, पण येथे निर्णायक ठरली ती नदी, आणि ती ओलांडण्यासाठी निवडलेला महिना.

बत्तीस वर्षांनी त्याच घराण्याच्या फौजेला बालाघाटाने उलट दिशेचा धडा दिला. १७९५ च्या आरंभी निजाम अली बिदरहून निघून पश्चिमेकडे सरकला, आणि बालाघाटाची कड मोहरीच्या घाटाने उतरून सीनेच्या खोऱ्यातील खर्ड्याच्या परिसरात आला. हे ठिकाण आजच्या बीड जिल्ह्याच्या सीमेला लागूनच, जामखेड तालुक्यात आहे. ११ मार्च रोजी, म्हणजे फाल्गुनात, मराठ्यांशी गाठ पडली. प्रत्यक्ष झुंजीतील हानी फार मोठी नव्हती, परंतु रात्रीच्या गोंधळात निजामाने खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याचा आसरा घेतला आणि तेथे मराठ्यांनी त्याला कोंडले. पायथ्याच्या ओढ्यांना फाल्गुनात धार नसते, किल्ल्यातील पाणी त्या जमावाला पुरणारे नव्हते, आणि बाहेरचे पाणवठे शत्रूच्या हातात होते. तोफखाना व फ्रेंच सेनानी रेमाँ याने तयार केलेली कवायती पलटण असूनही तहाला तयार होण्यावाचून मार्ग उरला नाही. राक्षसभुवनला पाणी अधिक झाले, खर्ड्याला कमी पडले, आणि दोन्ही ठिकाणे एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना आहेत.

फौजांना हा हिशेब मुळीच ठाऊक नव्हता असे मानण्याचे कारण नाही, कारण किल्ले बांधणाऱ्यांनी तो नीट मांडलेला दिसतो. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधवलेला धारूरचा किल्ला घाटमाथ्याच्या अशा टोकावर आहे की तिन्ही बाजूंच्या खोल दऱ्या त्याचे रक्षण करतात, आणि गोडी दिंडी व खारी दिंडी या नावांनी ओळखली जाणारी त्याची पाण्याची ठिकाणे हेच त्या किल्ल्याचे खरे बळ होते. बालाघाटावर चढणाऱ्या वाटेचे हे नाके ज्याच्या हाती तो गंगथडी व पठार या दोहोंमधील रहदारीचा धनी, म्हणूनच विजापूर व अहमदनगर यांच्यात त्यासाठी ओढाताण चालली आणि १६३१ मध्ये, दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या काळात, मोगलांनी तो घेतला. बीड शहराजवळची खजाना विहीर हीसुद्धा याच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, निजामशाही अमलातली. जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतांना पाणी पोहोचवणारी ती रचना राजा भास्कर या स्थापत्यकाराच्या नावाशी जोडली जाते.

फौजांच्या मागेपुढे आणि शांततेच्या काळात स्वतंत्रपणे हे घाट सर्वाधिक तुडवले ते लमाणांनी व वंजाऱ्यांनी. मीठ आणि धान्य पाठीवरच्या गोणींत घालून नेणारे बैलांचे कळप नायकाच्या हुकमतीत चालत, दिवसाची मजल लहान असे, आणि मुक्काम अशा ठिकाणी पडे जेथे शेकडो जनावरांना चारा व पाणी मिळेल. हे तांडे पावसाळ्यात स्थिर राहत आणि गवत पिकल्यावर, कार्तिकाच्या सुमारास निघत. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका आणि रेल्वे आल्यावर हा धंदा मोडला. तांडे डोंगरांच्या कडेला वसले, आणि आज दसऱ्यानंतर याच तांड्यांतून व वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीसाठी पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबांचे प्रस्थान त्याच ऋतुमानाला धरून होते. कारण मात्र वेगळे, कारखान्याचे धुराडे पेटण्याचे.

या सर्वांपेक्षा टिकाऊ ठरली ती यात्रेची वाट. बीडच्या डोंगरात ‘गड’ म्हणजे बहुधा किल्ला नसून एखाद्या सत्पुरुषाच्या वास्तव्याने पावन मानलेला डोंगरमाथ्यावरचा मठ असतो. नगद नारायण महाराजांचा नारायणगड, पाटोदा तालुक्यातील चिंचोलीचा गहिनीनाथगड आणि पाथर्डीच्या सीमेवरील भगवानगड ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. या गडांची साखळी नाथपंथ आणि वारकरी पंथ यांना एकत्र गुंफते. डोंगराच्या माथ्यावर राहणाऱ्या साधूला वर्षभर पाणी लागते, आणि म्हणून असा प्रत्येक गड म्हणजे पाण्याची खात्री झालेली जागा असते हे वाटसरूंनी फार पूर्वीच ओळखले होते.

पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघणारी संत एकनाथांची पालखी हे या भागातील पायी प्रवासाच्या आखणीचे सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण मानावे लागेल. पालखी गोदावरीचे खोरे सोडून बीड जिल्ह्यात शिरते, रायमोहा आणि पाटोदा येथे मुक्काम करते, मधला गारमाथ्याचा चढ चढून जाते, आणि मग खर्ड्याकडे उतरून सीनेच्या खोऱ्यातून पंढरपूर गाठते. निजामाची फौज पाण्यावाचून कोंडली गेली तो खर्ड्याचाच परिसर येथे मुक्कामाचा आहे. फरक आहे तो फाल्गुन आणि आषाढ यांचा. मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो, ओढ्यांना नुकते पाणी आलेले असते पण ते पार न होण्याइतके चढलेले नसते, पेरण्या उरकलेला किंवा पावसाची वाट पाहणारा शेतकरी आठ-पंधरा दिवस मोकळा असतो. आषाढी एकादशीची तिथी पंढरपूरने ठरवली हे खरे, परंतु मराठवाड्यातील पायी वारी जगली ती या तिथीचे पावसाशी असलेले नाते जुळल्यामुळे, असे म्हणण्यास जागा आहे. ज्या वर्षी मृग कोरडा जातो त्या वर्षी ही घडी विस्कटते, आणि अलीकडे दिंड्यांबरोबर पाण्याचे टँकर चालतात ते त्यामुळेच.

दिंडीची व्यवस्था बारकाईने पाहिली तर आजच्या पदभ्रमण संस्थांनी उसने घ्यावे असे तिच्यात बरेच आढळते. दिंडी म्हणजे नेमून दिलेल्या क्रमाने चालणारा वारकऱ्यांचा गट. त्याच्या मध्ये वीणेकरी असतो आणि त्याची वीणा थांबली की दिंडी थांबते, म्हणजे चालीचा वेग सर्वांत दमदार माणसाच्या पायांवर सोडलेला नसतो. चोपदार हातातील चांदीचा दंड उंचावून सर्वांना उभे करतो. त्याचा शब्द वाटेवर अखेरचा. विसावा म्हणजे थोडी विश्रांती आणि तळ म्हणजे रात्रीचा मुक्काम. तळाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते, आणि राहुट्या ठोकणारी, चुली मांडणारी व पाणी भरून ठेवणारी माणसे दिंडीच्या आधी तेथे पोहोचलेली असतात. कोणत्या गावी पिठले-भाकरी मिळणार, कोणत्या गावी गोड जेवण, कोणत्या टप्प्यात गाव नसल्याने शिदोरी बांधून घ्यायची, हे सर्व आधी ठाऊक असते. शिदोरीत दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असे पदार्थ असत, कारण साधी भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते आणि दशमी दोन दिवस मऊ राहते. स्वयंपाकघरातील हे ज्ञान बायकांचे होते, आणि वारीच्या इतिहासात त्याची नोंद अभंगांच्या तुलनेने फारच कमी झाली आहे.

एकनाथांच्या पालखीशिवाय मुक्ताबाईंची पालखी बीड शहरावरून जाते, आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी व अंबाजोगाई या पूर्वेकडील वाटेने. तीन पालख्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी या रांगेला छेद देतात.

धबधबा आणि यात्रा यांचा थेट संबंध पाहायचा तर बीडच्या दक्षिणेस वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ असलेल्या कपिलधारला जावे लागते. डोंगरांनी तीन बाजूंनी वेढलेल्या या दरीत कड्यावरून पाण्याची धार पडते, कपिलमुनींनी येथे तप केले अशी श्रद्धा आहे, आणि येथेच वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. सोळाव्या शतकातील या संताने ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचून वीरशैव तत्त्वज्ञान मराठवाड्यातील सामान्य माणसाच्या भाषेत आणले, आणि त्यामुळे कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला लातूर, नांदेड, परभणी या जिल्ह्यांतून व कर्नाटकाच्या सीमाभागातून पदयात्रा येतात. तिथीची निवड येथेही ध्यानात घेण्याजोगी आहे. कार्तिकात धबधब्याचा जोर ओसरलेला असतो, कड्याखाली उभे राहणे धोक्याचे नसते, पण धार पूर्ण आटलेलीही नसते. खरिपाची काढणी बरीचशी झालेली असते. रस्त्यावर चिखल नसतो आणि रात्री उघड्यावर काढता येतात. सहलीसाठी आज येणारी मंडळी मात्र कपिलधारला श्रावणात गर्दी करतात, जेव्हा धार सर्वांत देखणी आणि खडक सर्वांत निसरडे असतात. प्राचीनांनी निवडलेला महिना छायाचित्राच्या दृष्टीने कमी सोयीचा आहे एवढेच.

अंबाजोगाईच्या बाहेर डोंगरउतारावरील मुकुंदराजांची समाधी हेही असेच दरी, झाडी आणि पावसाळी धारा यांच्या सान्निध्यातील स्थान आहे. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, ही ‘विवेकसिंधू’ची रचनातिथी मानली जाते आणि त्यावरून मुकुंदराजांना आद्य मराठी कवी म्हटले जाते. मुकुंदराजांचे स्थान मराठवाड्यातील हे अंबाजोगाई की भंडारा भागातील अंभोरे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण समाधीच्या पायऱ्या उतरणाऱ्या भाविकांना त्या वादाने कधी अडवलेले नाही. निजामाच्या काळात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. थंड हवा आणि पाणी ही दोन्ही आकर्षणे छावणी वसवणाऱ्यांनीही जोखली असणार.

सौताड्याचे स्थान या सर्वांत नाट्यमय आहे. बीड-जामखेड रस्त्यावर पठार एकाएकी संपते, आणि विंचरणा दोनशे फुटांहून अधिक खोल घळीत कोसळते. तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे आणि तेथवर पायऱ्यांनी उतरता येते. वनवासात रामाने येथे शिवलिंग स्थापले अशी लोकश्रद्धा आहे. भूगोलाच्या भाषेत सांगायचे तर नदीने कठीण बेसॉल्टच्या थराखालचा मऊ थर आधी पोखरला आणि वरचा थर तुटत तुटत कडा मागे सरकला, ज्यामुळे धबधब्याखाली अरुंद, सावलीची, ओलसर घळ तयार झाली. भोवतालचे माळ करपलेले असतानाही या घळीत झाडोरा हिरवा राहतो, आणि बीड जिल्ह्यात वर्षावनाची किंचितशी कल्पना देणारी जागा कोणती असे विचारल्यास या घळीकडे बोट दाखवावे लागेल. परंतु विंचरणेला बारमाही पाणी नाही. पावसाने ताण दिला तर जुलैतही कड्यावरून ओघळ तेवढा उतरतो, आणि डोंगरात ढग फुटला तर घटकाभरात पात्र भरते. बिंदुसरेसारख्या एरवी कोरड्या वाटणाऱ्या नदीने १९८९ च्या जुलैत बीड शहरात केलेला विध्वंस जिल्हा अद्याप विसरलेला नाही, आणि घळीत उतरणाऱ्याने वरच्या पठारावरील आभाळ पाहून मगच पाऊल टाकावे हा जुन्या माणसांचा दंडक अशाच अनुभवांतून आलेला आहे.

वन्य प्राण्यांकडे पाहण्याची दृष्टी मात्र गेल्या शतकात पार बदलली. जुन्या वाटसरूच्या लेखी लांडगा, तरस आणि बिबट्या हे भय होते. कळपाने चालणे, अंधारापूर्वी तळ गाठणे आणि रात्रभर शेकोटी राखणे हे त्यावरचे उपाय होते. मोर मारावा असे मात्र येथील शेतकऱ्याला सहसा वाटले नाही, पिकात त्याचा त्रास होत असतानाही. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, आणि १९९४ मध्ये पाटोदा तालुक्यातील नायगाव परिसराचे सुमारे तीस चौरस किलोमीटर क्षेत्र मयूर अभयारण्य म्हणून घोषित झाले. मोराबरोबर चिंकारा, काळवीट, लांडगा, तरस, कोल्हा, खोकड, सायाळ हे माळरानाचे प्राणी या भागात आढळतात, आणि त्यांतील बहुतेक दाट जंगलापेक्षा उघड्या, काटेरी रानातच सुखाने राहणारे असल्यामुळे ‘येथे जंगलच नाही’ ही तक्रार त्यांच्या वतीने करण्याचे कारण नाही. बिबट्याचे मात्र वेगळे आहे. ऊस आणि जलसाठे वाढले तसा तो शेतापर्यंत आला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. रानातून चालणाऱ्यांनी गटाने चालावे आणि दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठावा हा नियम त्यामुळे पुन्हा जुन्या अर्थाने लागू झाला.

हौशी पदभ्रमण मराठी समाजात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुजले आणि ते प्रामुख्याने पुण्या-मुंबईचे, किल्ल्यांचे व सह्याद्रीचे राहिले, गो. नी. दांडेकर यांच्या लेखनाने त्याला प्रतिष्ठा दिली आणि प्र. के. घाणेकर यांच्यासारख्यांच्या पुस्तकांनी त्याला वाटा दाखवल्या. त्या परंपरेतून तयार झालेली सामानाची यादी, म्हणजे पावसाळी टोपी, जळवांसाठी मीठ-तंबाखू, ओले न होणारे झोपण्याचे सामान, ही तशीच्या तशी बीडला लागू पडत नाही. जळवा येथे नाहीत. काटे आहेत, आणि जाड तळव्याच्या वहाणेला या मुलखात पर्याय नाही. आषाढ ते भाद्रपद पाण्याची चिंता कमी, पण ऊन-पावसाच्या खेळात घळी टाळाव्यात. आश्विन ते मार्गशीर्ष हा सौताडा, नायगाव आणि कपिलधार जोडणाऱ्या भ्रमंतीचा खरा हंगाम. माघापासून पुढे प्रत्येक माणसाने स्वतःचे दिवसभराचे पाणी पाठीवर घ्यावे, वाटेतल्या आडावर विसंबू नये, कारण बारवा अनेक ठिकाणी बुजल्या आहेत आणि विंधन विहिरींनी भूजल खोल नेल्यामुळे जुने झिरे वेळेआधी आटतात. जुन्या माणसांकडून तळाच्या जागा विचारून घेणे अजूनही फायद्याचे आहे, पण त्या जागेचे पाणी आजही तेथे आहे का हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि मुक्काम हद्दीबाहेरच्या गावात करावा लागतो.

उन्हाळ्यात या रानात जाण्याचा एकच शहाणपणाचा प्रसंग उरतो आणि तो चालण्याचा नसून बसण्याचा आहे. वैशाख पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत वन विभाग स्वयंसेवकांच्या मदतीने पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद करतो. ओढे आटलेले असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर आणि वनखात्याने भरलेल्या कृत्रिम पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते, आणि चांदण्यामुळे ते ओळखता येतात. या नोंदणीसाठी आधी अर्ज करावा लागतो, गडद रंगाचे कपडे घालावे लागतात, अत्तर व तंबाखू वर्ज्य असते, आणि संध्याकाळी मचाणावर चढलेल्या माणसाला उजाडेपर्यंत खाली उतरता येत नसल्याने रात्रभराचे पाणी त्याने आपल्या बरोबरच न्यायचे असते.